देण्यानं जीवन कसं भरून येतं? ख्रिस्ती औदार्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या हिशेबाचं काम मी बरीच वर्षं केलं. उपासना संपली की अर्पण मोजायचं, वहीत उतरवायचं, खाली सही करायची. त्या टेबलापाशी लोक रेंगाळायचे आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून, आवाज खाली आणून काहीतरी विचारायचे. पाळकांना विचारायला संकोच वाटतो ते प्रश्न खजिनदाराला विचारता येतात. त्यातले पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. शास्त्रभाग सोबत दिले आहेत, ते स्वतः उघडून बघा आणि मग माझं पटतं का ते ठरवा.

औदार्यानं जीवन समृद्ध होतं म्हणतात. पण दिल्यावर जवळचं कमीच होतं ना?

होतं. शंभरातले वीस दिले की ऐंशी उरतात. ही वजाबाकी प्रार्थनेनं बदलत नाही, आणि ती बदलते असं सांगणाऱ्यापासून जरा जपून राहावं.

येशूनं समृद्धीचा प्रश्न दुसऱ्याच टोकाकडून सोडवायला घेतला. लूकच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस त्याला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. सरळसरळ भाऊबंदकी. येशू त्या भांडणात पंच व्हायला नकार देतो आणि एका जमीनदाराची गोष्ट सांगतो. त्याला भरघोस पीक येतं, ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं तो ठरवतो. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

या गोष्टीतला मृत्यू सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्या माणसाचं बोलणं जास्त बोचतं. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. एवढं मोठं पीक आलं, पण ही बातमी सांगायला त्याच्याजवळ कुणी नाही. तो सल्ला स्वतःलाच विचारतो, उत्तर स्वतःच देतो आणि आपल्याच जिवाला म्हणतो, खा, पी, मजा कर. देव त्याला मूर्ख म्हणतो तोपर्यंत गोष्टीत दुसरं कुणी बोलतच नाही. साठा वाढत गेला आणि माणूस एकटा पडत गेला. ज्याला तो समृद्धी समजत होता तिच्यात दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

देण्यानं जे वाढतं ते इथे. ज्याला तुम्ही काही दिलंत त्याचं नाव तुम्हाला माहीत होतं, त्याच्या घरचं दुखणं-खुपणं कळतं, तो तुमच्या प्रार्थनेत येतो. शिवाय माझ्या पाहण्यात आलेली आणखी एक गोष्ट आहे: हात आखडता घेण्याची सवय पैशापुरती राहत नाही. जो पैसे हातचं राखून देतो तो बहुतेक वेळा कौतुकही हातचं राखून करतो, वेळही मोजून देतो आणि क्षमाही हप्त्याहप्त्यानं करतो. उलट बाजूनंही हे खरं ठरतं. एका ठिकाणी हात सैल झाला की बाकीच्या ठिकाणीही होतो.

मी दिलं तर देव मला दुप्पट परत देईल का?

सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

यासाठी दोन वचनं नेहमी पुढे केली जातात. पहिलं लूक ६:३८. द्या, म्हणजे तुम्हाला दिलं जाईल. माप दाबून, हालवून, शीग भरून तुमच्या पदरी घालतील. चित्र फार सुंदर आहे. धान्य मोजणारा चांगल्या मनाचा असला की माप नुसतं भरत नाही. हलवतो, दाबतो, वर शीग चढवतो आणि मग पदरात ओततो. पण याच्या आधीचं वचन वाचा. दोष लावू नका, दंडास पात्र ठरवू नका, क्षमा करा. येशू तिथे वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल बोलतोय. ज्या मापानं तुम्ही माणसांना मोजता त्या मापाची ही गोष्ट आहे. तिला ठेवीवरच्या व्याजाचा दर केला की तिचा जीवच जातो.

दुसरं वचन मलाखी ३:१०. सगळा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा आणि माझी परीक्षा पाहा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही. हे वचन कुणाला उद्देशून आहे? सगळ्या राष्ट्राला. भांडार म्हणजे मंदिराची धान्याची कोठी. लेव्यांना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट या धान्यावर होतं. त्याच धान्यातून परके, अनाथ आणि विधवा यांनाही मिळायचं. नहेम्या १३:१० मध्ये दिसतं की लोकांनी देणं थांबवल्यावर लेवी मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. म्हणजे मलाखीचा राग कुणाच्या तरी रिकाम्या पोटाबद्दल आहे. हे वचन व्यासपीठावरून ऐकाल तेव्हा एवढंच बघा, बोलणाऱ्याला काळजी कुणाच्या पोटाची आहे.

मग परत काहीच मिळत नाही का? मिळतं. प्रेषित पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो की जो सढळ हातानं पेरतो तो भरपूर कापणी करील. पण पुढच्या ओळींत (२ करिंथ ९:८-११) कापणी कशासाठी ते सांगतो: तुम्ही प्रत्येक चांगल्या कामात संपन्न व्हावं म्हणून. देव पेरणाऱ्याला बी पुरवतो. शेती जवळून पाहिलेल्या माणसाला खाण्याचं धान्य आणि बियाणं यांतला फरक सांगावा लागत नाही. बियाणं हातात आलं की ते पुन्हा मातीत जायचं असतं.

आणि ज्या मक्दोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण पौल देतो, त्या आधी गरीब होत्या आणि दिल्यावर श्रीमंत झाल्या असं तो कुठेही लिहीत नाही. त्यांचा आनंद उतू जात होता, एवढंच लिहितो.

दशमांश द्यावाच लागतो का? कापून हातात येणाऱ्या पगारावर की पूर्ण पगारावर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पवित्र शास्त्रात नाही. तिथे पीक आणि गुरंढोरं आहेत, पगारपत्रक नाही.

पहिल्यावर ख्रिस्ती लोकांत खरा मतभेद आहे. काही मंडळ्या दशमांश बंधनकारक मानतात आणि त्यासाठी नियमशास्त्राच्याही आधीची उदाहरणं देतात: अब्राहामानं मलकीसदेकाला दिलेला दहावा भाग (उत्पत्ती १४), बेथेल इथला याकोबाचा नवस (उत्पत्ती २८). इतर म्हणतात की प्रेषितांच्या पत्रांत मंडळ्यांवर कुठेही ठरावीक टक्का लादलेला नाही. ‘प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे’ असं आहे. मी दुसऱ्या गटातला, पण तरीही दहावा भाग ही सुरुवातीसाठी चांगली खूण मानतो. भिंतीवर उंचीच्या रेघा मारतात तशी. रेघ मुलाला वाढवत नाही, वाढ कळते मात्र तिच्यावरूनच.

एक गंमत. अनुवाद १४ वाचा. तिथे दशमांशाचा एक भाग देणाऱ्यानं स्वतःच्या घरच्यांसोबत परमेश्वरासमोर जेवण करून, आनंद करत संपवायचा आहे. गावातल्या लेव्याला विसरायचं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा आहे. दशमांशावर ऐकलेल्या किती प्रवचनांत मेजवानीचा उल्लेख होता?

येशूनं शास्त्र्यांना याच विषयावर सुनावलं होतं. पुदिना, शेप, जिरं यांचा दहावा भाग चोख मोजता आणि न्याय, दया, विश्वासूपणा सोडून देता (मत्तय २३:२३). मोजणं चुकीचं असं तो म्हणाला नाही. तेही करा आणि हेही सोडू नका, असं म्हणाला.

माझंच भागत नाही. मी काय देणार?

२ करिंथ ८:१२ पाठ करून ठेवा. माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. पुढच्याच वाक्यात पौल म्हणतो, दुसऱ्यांचं ओझं हलकं व्हावं आणि तुमच्यावर पडावं असा माझा हेतू नाही. समानता व्हावी. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागेल, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. म्हणून तुमच्या आयुष्यातला आजचा काळ कदाचित घेण्याचा असेल. त्यात कमीपणा नाही.

पण मग विधवेच्या दोन टोल्या? तिनं तर होतं नव्हतं ते सगळं टाकलं.

या गोष्टीबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे, तेव्हा सांभाळून ऐका.

मार्क १२:४१-४४. येशू भांडारासमोर बसून लोक कसे पैसे टाकतात ते पाहतोय. त्या दोन नाण्यांची किंमत किती होती? लेप्टन हे त्या काळचं सर्वांत लहान तांब्याचं नाणं. दिवसभराची मजुरी एक दीनार, आणि दीनाराचे १२८ लेप्टन. म्हणजे तिच्या हातात दिवसाच्या मजुरीचा ६४वा हिस्सा होता. १२ तासांचा दिवस धरला तर जेमतेम ११ मिनिटांच्या कामाचे पैसे. तरी येशू म्हणाला, हिनं सर्वांपेक्षा जास्त टाकलं, कारण देवाच्या वहीत दिलेली रक्कम लिहिली जात नाही, मागे काय उरलं ते लिहिलं जातं. इथपर्यंत सगळे सांगतात.

आता चाळिसावं वचन वाचा. शास्त्री विधवांची घरं गिळून टाकतात, असं येशूनं नुकतंच म्हटलंय. आणि पुढचा अध्याय उघडला की त्याच मंदिराबद्दल तो म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. या दोहोंच्या मधे ती विधवा उभी आहे. येशू तिच्या विश्वासाचा मान राखतो, हे नक्की. पण तो शिष्यांना ‘तुम्हीही असंच करा’ म्हणत नाही, आणि गरीब बाईचा शेवटचा पैसा ज्या व्यवस्थेनं घेतला तिला शाबासकीही देत नाही. मला ही गोष्ट वाचताना कौतुक आणि संताप दोन्ही एकदम ऐकू येतात. म्हणून गरिबांकडून अर्पण वाढवण्यासाठी ही गोष्ट वापरली गेली की मी अस्वस्थ होतो. तिची खरी जागा खजिनदारांच्या बैठकीत आहे.

अंगावर कर्ज असताना दान द्यावं का?

कर्ज फेडणं हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. ज्याचं देणं लागतो त्याचे पैसे दुसऱ्याला देऊन उदार होता येत नाही. हप्ते चालू ठेवा. त्यातून थोडं द्यावंसं वाटलं तर थोडं द्या. दान देण्यासाठी कर्ज कधीही काढू नका, कुणीही सांगितलं तरी.

मन नसताना दिलेलं चालतं का? ‘संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो’ असं लिहिलंय, आणि मला तर प्रत्येक वेळी जिवावर येतं.

तुम्ही खरं बोललात, हे आधी चांगलं झालं.

पौलाच्या त्या वाक्यात (२ करिंथ ९:७) दोन गोष्टी नाकारल्या आहेत: खिन्न मनानं देणं आणि बळजबरीनं देणं. बळजबरी कुठून येते ते तपासा. शेजारच्या रांगेतले बघतील म्हणून? नाव वाचून दाखवतील म्हणून? तसं असेल तर या वेळी देऊ नका. शेत विकून काही पैसे मागे ठेवणाऱ्या आणि सगळे दिले असं भासवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याच्या भयंकर गोष्टीतही पेत्र हनन्याला विचारतो, शेत विकण्याआधी ते तुझंच होतं ना? विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते ना? (प्रेषितांची कृत्ये ५:४) त्यांना दोष लागला तो खोटेपणाचा. सगळंच द्यायला हवं होतं, असं पेत्र म्हणत नाही.

पण जिवावर येणं म्हणजे प्रत्येक वेळी बळजबरी नसते. नवीन सवय अंगवळणी पडेपर्यंत जड जातेच. दावीद राजाला अर्पणासाठी अरौना नावाच्या माणसानं खळं, बैल, लाकडं सगळं फुकट देऊ केलं होतं. दावीद म्हणाला, ज्याला मला काही खर्च आला नाही असं अर्पण मी करणार नाही, आणि ५० शेकेल चांदी मोजून दिली (२ शमुवेल २४). थोडं झोंबलं पाहिजे. आनंद बहुतेक वेळा दिल्यानंतर येतो, आधी नाही. निदान माझ्या बाबतीत तरी असंच होत आलं आहे.

गुपचूप द्यावं की उघड? डाव्या हाताला कळू नये म्हणतात, आणि तोच येशू म्हणतो तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या.

दोन्ही एकाच प्रवचनातले आहेत (मत्तय ६:३ आणि ५:१६), म्हणजे येशूला त्यात विरोध दिसला नसावा. ५:१६ मध्ये लोक कामं पाहून गौरव पित्याचा करतात. ६:२ मध्ये दानधर्म करणारा स्वतःपुढे कर्णा वाजवतो. एकच गोष्ट बघायची, शेवटी बोट कुणाकडे दाखवलं जातं.

ज्याला दिलं त्याच्या बाजूनंही विचार करा. मदत घेणाऱ्याचा फोटो काढून चार लोकांत फिरवला की त्याला मिळालेलं सामान काही दिवसांत संपतं, फोटो मात्र राहतो.

दिलेल्या पैशांचा गैरवापर झाला तर? मी एकदा चांगलाच फसलो आहे.

मीही. आजारपणाचं कारण सांगून मदत नेलेला माणूस ठणठणीत होता, हे नंतर कळलं. बरेच दिवस मी कुणालाच काही दिलं नाही, आणि त्या दिवसांत मी शहाणा झालो होतो असं मला अजूनही वाटत नाही. नुसता कडवट झालो होतो.

फसवणुकीचा धोका शून्यावर आणायचा असेल तर देणंच बंद करावं लागतं. पण डोळे मिटून देणं म्हणजे विश्वास, असंही नाही. पौलानं यरुशलेममधल्या गरजू विश्वासी लोकांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कारण सांगितलं: एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, प्रभूच्या दृष्टीनं जे योग्य तेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य ते आम्ही करतो (२ करिंथ ८:२०-२१). १९व्या शतकात ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणारे जॉर्ज म्युलर कुणापुढे हात पसरत नसत, प्रार्थनेवर विसंबत. तेच म्युलर वर्षाचा जमाखर्च तपशीलवार छापून प्रसिद्धही करत.

म्हणून हिशेब मागा. मंडळीकडे मागा, संस्थेकडे मागा. हिशेब विचारल्यावर जो तुमच्या विश्वासावर शंका घेतो, त्याला मी तरी पैसे देणार नाही.

व्यक्तीच्या बाबतीत शक्य तिथे रोख देण्याऐवजी त्याच्यासोबत चाला. दवाखान्याचं बिल असेल तर दवाखान्यात जा. वेळ जास्त लागतो, पण त्यानं फसवणूक टळते आणि खरी गरज असेल तर ओळखही होते.

नातलगांना मदत करणं दानात धरायचं का? आईवडिलांचा खर्च मीच बघते.

धरायचं की नाही हा प्रश्नच सोडून द्या, करत राहा. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला आहे, इतक्या कडक शब्दांत १ तीमथ्य ५:८ आहे. आणि मार्क ७ मध्ये येशू कुर्बानच्या रूढीवर तुटून पडतो. ही संपत्ती देवाला वाहिली आहे असं म्हटलं की आईवडिलांवर खर्च करण्यातून सुटका, अशी ती पळवाट होती. देवाच्या नावानं आईबापांचं तोडलेलं देवाला पोचत नाही.

नवऱ्याला (किंवा बायकोला) माझं देणं पटत नाही.

चोरून देऊ नका. दोघांच्या संमतीनं ठरलेली छोटी रक्कम, एकानं लपवून दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा बरी. बोलून बघा, घाई करू नका. बऱ्याचदा नकारामागे कंजूषपणा नसतो, लहानपणी पाहिलेल्या ओढाताणीची भीती असते. ती वचनं फेकून जात नाही.

पैसे नाहीत पण वेळ देता येईल. ते चालेल?

चालेल, आणि पैसे असलेल्यांनीही हे विसरू नये. लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) यादी करून वाचा. तो थांबला. जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला असणार. उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. पैशाची गोष्ट यानंतर येते: दोन दीनार, आणि वर ‘आणखी खर्च झाला तर परत येताना देईन’ असा शब्द. त्या दोन दीनारांआधी केवढं देऊन झालं होतं! त्याआधी त्याच वाटेनं गेलेले याजक आणि लेवी यांच्या खिशात पैसे नव्हते असं गोष्टीत कुठेही नाही. ते फक्त थांबले नाहीत.

फक्त मंडळीलाच द्यावं की बाहेरही?

गलती ६:१० मध्ये दोन्ही आहे: सर्वांचं बरं करा, विशेषतः विश्वासानं एका घराण्यातले झालेल्यांचं. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. ज्यांना ऐपत आहे आणि इच्छा आहे ते देतात, ते पुढाऱ्याकडे जमा होतं, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची काळजी घेतो. पुढे ३६१ ते ३६३ या काळात राज्य करणारा रोमन सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती विश्वासाचा कट्टर विरोधक होता, त्यानं चिडून लिहिलं की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःचेच नव्हे तर आमचेही गरीब पोसतात. विरोधकाच्या तोंडून आलेली साक्ष म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

देव न मानणारे किंवा इतर धर्मांचे लोकही उदार असतात. मग ख्रिस्ती औदार्यात वेगळं काय?

असतात, आणि कित्येकदा आपल्याहून जास्त. येशूनं आदर्श म्हणून निवडला तो शोमरोनीच होता, ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं परधर्मीच जवळपास. देण्यानं माणूस सुखावतो हेही सगळ्यांना लागू आहे. २००८ मध्ये एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर खर्च करायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी होते, आणि रक्कम ५ होती की २० यानं फरक पडला नाही.

वेगळेपण शोधायचं तर ते देण्याच्या सुरुवातीत आहे. पौल २ करिंथच्या आठव्या अध्यायात वर्गणीसाठी जो ग्रीक शब्द वापरतो तो ‘खारिस’, म्हणजे कृपा. देवानं केलेल्या दयेसाठी तोच शब्द आणि मंडळीनं गोळा केलेल्या पैशांसाठीही तोच. आणि त्याच अध्यायात तो म्हणतो, ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला. ख्रिस्ती माणूस स्वतःला मुळात दाता समजतच नाही. तो आधी घेणारा आहे. त्याच्या हातून जे जातं ते आधी त्याच्याकडे आलेलं असतं. हे मनात पक्कं बसलं की देताना मान ताठ होत नाही आणि ज्याला दिलं त्याच्यावर उपकाराचं ओझं पडत नाही.

मला द्यायला आवडतं, पण कुणाकडून घ्यायला नको वाटतं. हा नम्रपणाच ना?

बहुतेक वेळा नाही. मीही त्याच जातकुळीतला, म्हणून सांगतो: तो अहंकार असतो, साधे कपडे घालून आलेला.

येशूकडे बघा. लूक ८:१-३ मध्ये मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्यानं येशूची आणि बारा जणांची सेवा करत होत्या. शोमरोनी स्त्रीशी त्याचं बोलणं सुरू झालं ते ‘मला पाणी दे’ या मागणीनं. तो गाढवाचं शिंगरू मागून आणतो, माडीवरची खोली मागून घेतो, आणि त्याचं दफनही दुसऱ्याच्या कबरेत होतं. ज्याच्याद्वारे सगळं निर्माण झालं असं आपण कबूल करतो, त्यानं घ्यायला संकोच केला नाही. उलट पेत्र पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता, तर त्याला ऐकावं लागलं: मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही (योहान १३:८).

माझं एक मोठं आजारपण झालं तेव्हा मंडळीतले लोक पाळीपाळीनं डबा आणून देत. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणायचो. एका आजींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, “बाळा, इतकी वर्षं तू आमच्यासाठी धावलास, तेव्हा आम्ही असं विचारलं का? आता आमची पाळी आहे, ती हिरावून घेऊ नकोस.” त्यानंतर मी मुकाट्यानं डबा घ्यायला शिकलो. आणि बरा झाल्यावर माझी देण्याची पद्धत बदलली. दारात उभं राहून देऊन निघणं बंद केलं. त्यांनी बस म्हटलं की बसायला लागलो.

श्रीमंत असणं चूक आहे का?

तसं असतं तर वरच्या यादीत योहान्ना नसती. येशूनं श्रीमंत अधिकाऱ्याला सगळं विकायला सांगितलं (लूक १८), जकातदार जक्कयानं अर्धं देतो म्हटलं तेही त्याला पुरलं (लूक १९). एकच ठोकताळा नाही. पण जक्कयाचं दुसरं वाक्य कुणी विसरू नये: अन्यायानं घेतलेलं चौपट परत करतो. कमावताना लुबाडलेलं परत करणं हे औदार्य नव्हे, ती परतफेड आहे, आणि ती आधी.

उत्पन्न वाढलं की देणं कसं वाढवावं?

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशेब सांगितला आहे; तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं मानलं जातं. पहिल्या वर्षी उत्पन्न ३० पौंड. २८ मध्ये भागवलं, २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. पुन्हा २८ मध्येच भागवलं, ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९०, दिले ६२. घर, मुलं, आजारपणं असलेल्याला हे जसंच्या तसं जमणार नाही. पण त्यातली युक्ती घेण्यासारखी आहे: ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे पगारवाढ होण्याआधी ठरवून टाका. वाढ हातात आल्यावर ठरवायला बसलात की ‘पुरेसं’चा आकडा तिच्याबरोबरच पुढे सरकलेला असतो.

नाही म्हणणं चालतं का?

चालतं. येशूही लोकांना सोडून एकांतात जायचा. गोड शब्दांत, खोटं कारण न देता नाही म्हणा.

सुरुवात कुठून करू?

पौलाचा सल्ला अगदी साधा आहे (१ करिंथ १६:२): आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकानं, मिळकतीप्रमाणे, आपल्याजवळ बाजूला काढून ठेवावं. आधी बाजूला काढा, कुणाला द्यायचं ते नंतर ठरवा. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, हे मी वह्या चाळून सांगतो. पहिले तीन महिने कुणाला सांगू नका, रक्कम कमी असली तरी चालेल, आठवडा चुकवू नका.

एक छोटी वही ठेवा. डाव्या पानावर त्या आठवड्यात तुम्हाला कुणाकडून काय मिळालं ते लिहा: पैसे, जेवण, शिकवण, कुणी ऐकून घेतलं ते, कुणी सांभाळून घेतलं ते. उजव्या पानावर तुम्ही दिलेलं लिहा. माझ्या वहीत अजून एकदाही उजवं पान आधी भरलेलं नाही.